कानबाईचा रोट व हित्ती लोकांचे धाकटे देव

पवित्र शास्त्राच्या तासाला 'हित्ती' हे नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून अनेकदा गेलेले असते. अब्राहामाने आपली पत्नी सारा हिला मूठमाती देण्याकरिता मकपेलाची गुहा ज्याच्यापासून चांदी मोजून घेतली तो एफ्रोन हित्ती होता. दावीद राजाच्या सैन्यातील उरीया हाही हित्तीच. परंतु हे लोक मूळचे कोण, त्यांचे राज्य कोठे होते, ते कोणती भाषा बोलत, याची माहिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात कोणासही नव्हती. इ. स. १९०६ साली सध्याच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय ह्या खेड्याजवळ विंकलर व मक्रिदी ह्या दोघा संशोधकांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा हीच होय असे ठरले. तेथे मातीच्या भाजलेल्या व कच्च्या पाट्या निघाल्या. पुढील उत्खननांतून मिळालेले तुकडे धरून त्यांची संख्या सुमारे तीस हजार भरते. खिळ्यांच्या आकाराच्या खुणांनी लिहिलेल्या ह्या पाट्या म्हणजे एका बुडालेल्या राज्याचे दप्तरच होय.

लिपी वाचता येत होती, पण भाषा कळत नव्हती. ती कळली एका अगदी घरगुती वाक्यावरून. चेक पंडित बेद्रिख ह्रोझ्नी यांस एका पाटीत भाकरीचे चिन्ह ओळखू आले. त्याच्या शेजारच्या क्रियापदात 'खाणे' ह्या अर्थाचा आपल्या संस्कृत 'अद्' धातूसारखा धातू दिसला. पुढे 'वातर' असा शब्द होता, तो पाण्याचा वाचक असून आपल्या 'उदक' शब्दाचा दूरचा भाऊ आहे. भाकरी खावी व पाणी प्यावे, एवढ्याच अर्थाचे ते वाक्य. पण त्याच्या आधाराने ह्रोझ्नी यांनी १९१५ साली असे जाहीर केले की हित्ती भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या भाषांच्याच कुळातील आहे. मोठमोठ्या राजांचे पराक्रम बाजूस राहून एक भाकरी ह्या भाषेची किल्ली ठरली, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. आणि आजच्या आमच्या विषयाचेही सूत्र भाकरीच आहे.

हित्ती लोक आपल्या देशाच्या देवांस 'हत्तीचे सहस्र देव' म्हणत. येथे हत्ती हे देशाचे नाव आहे, प्राण्याचे नव्हे, हे बालवाचकांनी लक्षात ठेवावे. ह्या सहस्र देवांत मेघगर्जनेचा देव व अरिन्ना नगरीची सूर्यदेवी हे सर्वांत थोर. तह करताना राजे ह्या देवांस साक्षी ठेवीत. इ. स. पू. चौदाव्या शतकात सुप्पिलुलिउमा ह्या हित्ती राजाने मितन्नी देशाच्या राजाशी जो तह केला, त्यात मितन्नीकडच्या देवांच्या यादीत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ही आपल्या ऋग्वेदातील नावे आलेली आहेत, हे इतिहासाच्या वरच्या वर्गातील मुलांस ठाऊक असेलच.

ह्या थोर देवांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या खालच्या पायरीवरील देवांविषयी: एखाद्या गावचा झरा, एखादा डोंगर, वेशीबाहेरचा उभा धोंडा. असे देव राजधानीत फारसे कोणास माहीत नसत. त्यांचे नाव, त्यांचा नैवेद्य, त्यांचा दिवस हे सारे त्या त्या गावालाच ठाऊक. तथापि राजाचा दरबार त्यांस विसरत नसे. सरहद्दीवरील अधिकाऱ्यांस दिलेल्या हुकमांची एक पाटी उपलब्ध आहे. शत्रूवर पाळत कशी ठेवावी, किल्ल्याचे दरवाजे केव्हा लावावेत, असल्या हुकमांच्या मध्येच तीत असे बजावले आहे की, गावातील कोणत्या देवाची शिळा दुर्लक्षित राहिली असेल तर ती नीट करावी. ज्या झऱ्याला नैवेद्य ठरलेला असेल त्यास तो पोचवावा. आणि ज्या झऱ्याला काहीच ठरलेले नसेल त्याच्याकडेही जाऊन यावे, त्याला वगळू नये. ज्या झऱ्याला कोणी काही देत नाही त्याचीही विचारपूस व्हावी, असे लष्करी हुकमात लिहिणारे राज्य आम्हांस तरी दुसरे आढळले नाही.

ह्या देवाच्या उभ्या शिळेस हित्ती भाषेत 'हुवाशी' म्हणत. ती बहुधा कोरलेली मूर्ती नसे; साधा उभा दगड असे. तिला धुवावयाचे, तेल लावावयाचे, तिच्यापुढे भाकरी ठेवावयाची. ज्याने आपल्या गावच्या शिवेवर शेंदूर फासलेला धोंडा पाहिला आहे, त्यास हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. विहिरीच्या काठी साती आसरांचे सात गोटे मांडलेले असतात, तेही त्याच जातीचे. आणि झऱ्याचेच म्हणाल, तर सावद्याहून उत्तरेस जी सातपुड्याची निळी रांग दिसते तिच्याच कुशीत, यावल तालुक्यातील आडगावजवळ, धबधब्याच्या शेजारी मनुदेवीचे ठाणे आहे व खान्देशातील अनेक कुळांची ती देवता आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून असल्या शेंदरी धोंड्यांचा अभ्यास केला व १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो मांडला. तोपर्यंत फार थोड्या विद्वानांस हे धोंडे अभ्यासाचा विषय वाटत होते.

हे धाकटे देव रागावले तर काय होते, याविषयी हित्तींची एक कथा आहे. तेलिपिनू हा मेघदेवाचा मुलगा. शेती त्याच्या अंगी. तो कशाने रागावला हे पाटीचा आरंभ फुटलेला असल्यामुळे वाचता येत नाही. पण राग एवढा की, उजवा जोडा डाव्या पायात व डावा उजव्यात घालून तो तसाच निघून गेला. त्याबरोबर खिडक्यांत धुके दाटले, घरांत धूर कोंडला, चुलीतील ओंडके गुदमरले, गोठ्यातील गुरे व वाड्यातील मेंढ्या गुदमरल्या. गाय वासराला जवळ घेईना, मेंढी कोकराला ओळखीना. गहू उगवेना, सातू उगवेना. सूर्यदेवाने सहस्र देवांस भोजनास बोलाविले. ते जेवले पण पोट भरले नाही, प्याले पण तहान भागली नाही. मग शोध सुरू झाला. गरुड पाठविला, त्याने डोंगर-दऱ्या धुंडाळल्या, व्यर्थ. मेघदेव स्वतः निघाला, तोही हात हलवीत परत आला. शेवटी हन्नहन्ना नावाच्या आजीबाई देवीने मधमाशी पाठविण्याचे ठरविले. मेघदेव हसला. एवढे मोठे देव थकले, तेथे ह्या चिमुकल्या पंखांचे काय चालणार? परंतु मधमाशीनेच त्यास गाठले. तो कुरणात झोपला होता. तिने त्याच्या हातापायांस डंख मारून त्यास उठविले, आणि उठल्यावर तो अधिकच खवळला! मग कमरुशेपा ह्या मंत्रविद्येच्या देवीने विधी करून त्याचा राग काढला व तो पाताळातील कांस्याच्या मोठ्या भांड्यांत कोंडला. त्या भांड्यांत गेलेले पुन्हा बाहेर येत नाही. तेलिपिनू घरी आला. चूल पेटली, गाय वासराला चाटू लागली. त्याच्यापुढे एक सदाहरित झाड उभे करून त्यावर मेंढीच्या कातड्याची पिशवी टांगली, आणि तीत धान्य, चरबी, द्राक्षरस, गुरे-मेंढ्या, दीर्घायुष्य व संतती असे सर्व भरलेले होते.

ही कथा करमणुकीची नाही. देवाची मनधरणी करण्याच्या विधीत ती म्हटली जाई. ज्या घरावर वा गावावर देव रुसला असे वाटे, तेथे पुरोहित मध, तेल व पीठ यांच्या वाटा जमिनीवर आखून देवास परत येण्याचा मार्ग दाखवीत. ज्या मुलुखाचे पीक पावसाच्या लहरीवर अवलंबून असते त्यास रुसलेल्या देवाची भीती काय असते, हे तापीकाठच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

इ. स. पू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुधालिया नावाचा चौथा राजा झाला. त्याच्या काळातील पाट्यांत गावोगावच्या देवस्थानांच्या याद्या मोठ्या संख्येने सापडतात. अमुक गाव, तेथे अमुक देव, पूर्वी नुसती शिळा होती, आता राजाने चांदीची किंवा लोखंडाची लहानशी मूर्ती करून दिली, वर्षातून सण दोन, शरदाचा एक व वसंताचा एक, पीठ इतके, मद्य इतके, मेंढा एक, आणि हे देणार कोण, राजवाडा की गावकरी, तेही लिहिलेले. कोरड्या याद्याच ह्या. पण आमच्या मते हित्ती वाङ्मयातील सर्वांत जिवंत पाने हीच आहेत. शरदात सुगी झाली की गावाने देवापुढे एका रांजणात गहू भरून ठेवावयाचा. हिवाळाभर तो तसाच राहील. वसंत आला आणि आकाशात पहिली गर्जना झाली की रांजण उघडावयाचा, तो गहू दळावयाचा व त्याची भाकरी देवापुढे ठेवावयाची. मग देवाला उचलून गावाबाहेरच्या शिळेकडे न्यावयाचे, शिळेस स्नान व तेल, भाकरी व मद्य, देवाला फुलांची माळ व लोकांच्याही गळ्यात माळा. देवास घेऊन येणाऱ्यांत स्त्रियांचा एक वर्गच ठरलेला असे. तरुण कुस्त्या खेळत, दगड उचलून फेकत. गुर्शमाश्शा नावाच्या गावी यर्री देवाच्या सणात तर मुलांचे दोन पक्ष करीत. एकाचे नाव हत्तीचे लोक, दुसऱ्याचे मासा देशाचे लोक. पहिल्यांच्या हाती कांस्याची शस्त्रे, दुसऱ्यांच्या हाती बोरूची. लढाई कोण जिंकणार, हे आधीच उघड होते! सायंकाळी दिवे लागत, आणि देव पुन्हा आपल्या ठाण्यावर जाई.

ह्या याद्यांत पिठाचे एक माप वारंवार येते: 'उप्नु'. त्याचा अर्थ हाताची मूठ किंवा पसा. तीन मुठी पीठ, एक मूठ पीठ, असे देवाच्या नावे लिहिलेले. हा शब्द वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे कानबाईचा रोट उभा राहिला, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

कानबाई ही खान्देशची देवता. तिला कानुबाई किंवा कानुमाता असेही म्हणतात. पुराणांत तिचे आख्यान शोधावयास जाल तर हाती काही लागणार नाही. मोठ्या तीर्थक्षेत्रांत तिचे प्रस्थ नाही. ती वर्षातून एकदा घरात येते, एक रात्र राहते व जाते. श्रावण शुद्ध पक्षात नागपंचमीनंतर जो पहिला रविवार येतो तो तिचा दिवस. प्रत्येक घरी ती बसत नाही. ज्या कुळात तिचा मान चालत आला आहे तेथेच बसते, आणि त्या कुळाचे भाऊबंद तेथे जमतात. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून नोकरीधंद्यासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे गेलेली कुटुंबे एकतर ह्या दिवसाकरिता गावी येतात, किंवा तेथेच आपली कानबाई बसवितात. एखाद्या भावाने दिवाळीस यावयाचे टाळले तर चालते, रोटास टाळले तर मात्र बोल लागतो.

तयारीचा आरंभ धान्याच्या मापाने होतो. घरात जितके पुरुष, त्यात पाळण्यातले मूलही आले, तितक्यांच्या नावे दरेकी सव्वा मूठ गहू मोजावयाचे. सव्वाच का? पूर्ण झालेले माप तेथेच संपते. सव्वाचे माप पुढे चालू राहते, अशी लोकांची समजूत. आमच्या वडील मंडळींच्या व्यवहारात सव्वा रुपया, सव्वा पाव, सव्वा हात यांना जे स्थान आहे ते ह्याच समजुतीचे. हे गहू पूर्वी घरच्या जात्यावर दळले जात; गिरण्या आल्यावर गिरणीवाल्यास आगाऊ सांगून ठेवतात आणि तो जाते धुऊन-पुसून, दुसरे धान्य त्यात न मिसळेल अशा बेताने, रोटाचे दळण काढून देतो. त्या पिठाची पुरणपोळी होते. बरोबर खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. घरोघर रीत थोडी थोडी निराळी, आणि प्रत्येक घरास आपलीच रीत खरी वाटते. हेही रीतीचेच एक अंग समजावे.

रविवारी चौरंगावर नवे वस्त्र घालून कलश मांडतात व त्यावर नारळ ठेवतात. हा नारळच कानबाई. त्यास डोळे, नाक, नथ, गळ्यात दागिने, अंगावर वस्त्र. काही घरांत पिढ्यान्पिढ्या जपलेला एक जुना नारळ असतो. त्यास 'परनेल' नारळ म्हणतात, म्हणजे ज्याचे लग्न लागले आहे असा. चौरंगाच्या दोन्ही बाजूंस केळीचे खांब उभारतात. सावद्यास केळीचा काय तोटा! ज्या गावच्या स्टेशनावरून केळीच्या वाघिणी भरभरून उत्तर हिंदुस्थानात गेल्या, तेथे देवीच्या मखरास तरी खांब मागून आणावे लागत नाहीत. कण्हेरालाही ह्या पूजेत मान आहे. गाण्यांत तो 'कन्हेर राजा' होऊन येतो. रात्र जागवावयाची ती गाण्यांनी. खालच्या अंगास ही गाणी अहिराणीत असतात, आणि आमच्याकडील लेवा मंडळींच्या बोलीचे वळण आणखी निराळे. पोथी नाही, पुरोहित नाही; जी बाई गाणे उचलते ती त्या रात्रीची अधिकारी.

सोमवारी सकाळी कानबाई निघते. घरच्या बायका तिला डोक्यावर घेतात, पुढे वाजंत्री, वाटेत ठिकठिकाणी फुगड्या. एरवी रस्त्यात मान वर न करणाऱ्या सासुरवाशिणी त्या दिवशी भर चौकात फेर धरतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. नदीवर आरती होते, नारळाचे विसर्जन होते; जपलेला परनेल नारळ मात्र पाण्यात बुचकळून परत आणतात. नदीतली चिमूटभर वाळू घरी येते. मग राहतो तो रोट. तो भाऊबंदांनीच खावयाचा, बाहेर द्यावयाचा नाही; आणि येणाऱ्या पौर्णिमेच्या आत संपवावयाचा. म्हणून माप मुठीचे. खाणाऱ्यांच्या संख्येवर धान्य ठरले की उरण्याचा वा कमी पडण्याचा प्रश्न राहत नाही, आणि कुळात किती जण आहेत याची वर्षातून एकदा बिनचूक मोजदादही होते. ज्याचे नाव घेऊन मूठ टाकावयाची तो गेल्या वर्षात वारला असेल, तर त्या क्षणी हात थांबतो. आणि ज्या घरी मूल जन्मले आहे तेथे आजी एक मूठ अधिक टाकते, तिचा चेहरा त्या वेळी पाहावा.

येथे एक शंका आमच्या विद्यार्थिनींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, म्हणून आम्हीच ती मांडतो. मोजणारा हात स्त्रीचा, दळणारा हात स्त्रीचा, गाणारा कंठ व देवी वाहणारे मस्तक स्त्रीचे. देवी स्वतः स्त्री. मग मूठ तेवढी पुरुषांच्याच नावाची का? मुलगी परक्या कुळात जाणार व तेथल्या रोटात तिचा वाटा होणार, हे जुने उत्तर आहे खरे. पण त्या दुसऱ्या कुळातही मूठ तिच्या नवऱ्याच्या व मुलांच्याच नावाची पडते. तेव्हा हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही.

आता कोणी म्हणेल की कानबाई हित्तींकडून आली. असल्या तर्कांपासून विद्यार्थ्यांनी दूर राहावे. नावातील दोन अक्षरे जुळली की नाते जोडणारे पंडित पुष्कळ आहेत. कोणी कानबाईस 'कान्हदेशा'शी जोडतात, कोणी आणखी कशाशी. हत्तुशा इ. स. पू. ११८० च्या सुमारास ओस पडले. त्या डोंगराळ मुलुखापासून तापीच्या काळ्या जमिनीपर्यंत एक मूठ गहू कोणी चालवीत आणला, असे म्हणावयास तिळमात्र आधार नाही. साम्य आहे ते परिस्थितीचे. जेथे गहू पिकतो व त्याचा भरवसा नसतो, तेथे पीक देवापुढे मोजून ठेवावे, एकत्र दळावे, एकत्र खावे, हे दोघांनाही आपापल्या अनुभवाने सुचले. आणि भेदही लहान नाही. हित्ती गावाचा देव राजाच्या वहीत होता. त्याचा खर्च तपासण्यास अधिकारी येत. कानबाई कोणत्याही राजाच्या वहीत कधी नव्हती. तिची वही म्हणजे घरातली म्हातारी. आमची शाळा ख्रिस्ती मिशनची आहे, व कोणाची पूजा करावी वा करू नये हे सांगण्याकरिता हा लेख नाही. शेजाऱ्याच्या घरात वर्षातून एकदा काय होते ते नीट समजून घेणे एवढाच त्याचा हेतू आहे.

वहीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक हकीकत. दुसरा मुर्शिली ह्या राजाच्या कारकिर्दीत, इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, हत्ती देशात महामारी पसरली होती. ती त्याच्या बापाच्या वेळी सुरू झाली होती; बाप व थोरला भाऊ तिला बळी पडले; वीस वर्षे ती हटेना. मुर्शिलीने देवांपुढे ज्या प्रार्थना केल्या त्या पाट्यांवर आहेत, आणि त्या वाचताना राजा नव्हे तर गांजलेला गृहस्थ बोलत आहे असे वाटते. त्याने जुने दप्तर उलगडले. त्यात दोन पाट्या निघाल्या. एकीत बापाने मिसर देशाशी केलेली शपथ मोडल्याचा मजकूर होता. दुसरीत माला नदीस, म्हणजे युफ्रातीसला, द्यावयाच्या एका नैवेद्याविषयी लिहिले होते, आणि तो नैवेद्य बापाच्या काळापासून बंद पडला होता. राजाने तो पुन्हा सुरू करण्याचे पत्करले. महामारीचे कारण ते नव्हते हे आज शाळेतले मूलही सांगेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: नदीचा तो विसरलेला नैवेद्य राजास आठवला तो कोणा अनामिक लेखकाने पूर्वी कधी तरी लिहून ठेवला होता म्हणून. पुढे पुदुहेपा ह्या राणीने आपल्या मुख्य लेखकास आज्ञा करून किझ्झुवत्ना प्रांताच्या जुन्या पाट्या शोधविल्या व हिशुवा नावाच्या सणाचा सारा विधी त्यांवरून पुन्हा लिहवून घेतला. त्या पाट्यांच्या शेवटी तशी नोंदच आहे.

तथापि ह्या सर्व दप्तरात एक मोठी उणीव आहे. पुष्कळ सणांच्या पाट्यांत भाकरी किती, मेंढे किती, कोण उठतो, कोण वाकतो, हे बारकाईने लिहिलेले असून गाण्याची वेळ आली की नुसते 'गायक गातो' एवढेच शब्द येतात. गाणे सर्वांस पाठ होते, ते कशाला लिहावयाचे? साम्राज्य बुडाले, गाणारे गेले, आणि आज पिठाचे माप आपल्यापाशी आहे पण गाणे नाही. कानबाईच्या बाबतीत नेमके उलट आहे. गाणी अजून कंठांत आहेत. परंतु कोणत्या घरी कशी रीत आहे, मूठ कोणत्या शब्दांनी मोजतात, कोणते गाणे स्थापनेचे व कोणते निरोपाचे, हे घराघरातून टिपून ठेवणारा लेखक फार थोड्या घरांना मिळाला आहे. जागरणाच्या रात्री ध्वनिवर्धकावर तयार गाणी लावण्याची चाल पडली, की जिला चाळीस गाणी येतात ती आजी भिंतीला टेकून गप्प बसते.

ही भीती काल्पनिक नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. १८८० साली त्यांचा जन्म झाला. अक्षर त्यांना येत नव्हते. शेतात व जात्यावर त्या ओव्या रचीत. चिरंजीव कवी सोपानदेव व घरच्या मंडळींनी त्यांतील काही टिपून ठेवल्या नसत्या तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच साऱ्या गेल्या असत्या. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा महाराष्ट्रास नवल वाटले. पण खान्देशातल्या जात्यांवर असे कितीतरी गळे होते, आणि प्रत्येक घरात सोपानदेव नव्हता.

म्हणून येत्या श्रावणात ज्या विद्यार्थ्यांच्या घरी वा शेजारी कानबाई बसेल, त्यांनी एक वही करावी. सणाच्या गडबडीत प्रश्न विचारून आजीस त्रास देऊ नये. नंतरच्या आठवड्यात, रोट संपावयाच्या आत, दुपारच्या निवांत वेळी बसावे. धान्य कोणते, मूठ कोणी व कोणाकोणाच्या नावे टाकली, नारळ जुना की नवा, तो कोणाकडून आला, हे आधी लिहावे. मग गाणी. ती जशी उच्चारली जातात तशीच लिहावीत. अहिराणीचे वा लेवा बोलीचे शब्द 'शुद्ध' करून पुस्तकी मराठीत आणू नयेत, कारण शुद्ध केलेले गाणे पुन्हा त्या आजीलाच ओळखू येणार नाही. अर्थ न कळेल तेथे विचारावे. तिलाही न सांगता आला तर शब्द तसाच ठेवावा. जमल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करावा, परंतु तिची परवानगी घेऊन. आणि प्रत्येक गाण्याखाली तिचे माहेर लिहावयास विसरू नये. कारण ही गाणी वधूंबरोबर प्रवास करतात, व सावद्याच्या घरात ऐकलेले गाणे चौकशी करता अमळनेरच्या वा धुळ्याकडच्या एखाद्या अंगणातून तीन पिढ्यांपूर्वी निघालेले आढळण्याचा पुष्कळ संभव आहे.